अनुपस्थितांचे म्हणणे

धरमपेठ, नागपूर
२८ डिसेंबर १९९३

चि. उदय यास,
अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. चार ओळींच्या पत्रात तू दोनदा 'सवडीने लिहितो' असे लिहिले आहेस. निवृत्त आणि एकट्या राहणाऱ्या प्राध्यापकाला सवड नसते, हे विधान मला सिद्ध करून हवे आहे.

परिस्थिती मी मांडते. चुकले तर दुरुस्त कर. लीला श्रावणात गेली. पिपलानीचे क्वार्टर तिच्या नोकरीमुळे मिळाले होते. कारखान्याने ते तुला मार्चअखेरपर्यंत ठेवू दिले, हा त्यांचा चांगुलपणा. त्यानंतर भोपाळात तुला घर नाही. इथे मागची खोली रिकामी आहे, कांचन दोन्ही वेळा स्वयंपाकाला येते, आणि मी सत्तरी ओलांडली असली तरी वाद घालण्याइतकी ठणठणीत आहे. यातून निष्कर्ष एकच निघतो.

भोपाळ सुटत नाही म्हणशील, तर १९५६ साली सचिवालयाच्या फायलींबरोबर तुला तिकडे धाडले तेव्हा तू स्टेशनवर रडला होतास. रिसर्च ऑफिसर म्हणून गेलास, मग विद्यापीठात शिरलास, मग शासनाने तुला सल्लागार म्हणून उसना नेला आणि वापरून परत केला. कचेरीतले लोक तुला मास्तर समजत आणि विद्यापीठातले सरकारी माणूस. आता दोन्ही दारे बंद झाली आहेत, आणि तू लिहितोस की 'मंडळ' अडवते. गणपती बसवणारे आणि हळदीकुंकू करणारे एक मंडळ एका राज्यशास्त्रज्ञाला कसे अडवते, ते सविस्तर लिही. दूरध्वनी करू नकोस. त्यावर मुद्दा मांडता येत नाही, नुसते खोकता येते.

लोभ आहेच, तो उत्तरावर अवलंबून नाही, पण उत्तर हवे.

तुझी,
अक्का


पिपलानी, भोपाळ
१० जानेवारी १९९४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला टाळाटाळ चालत नाही हे लहानपणापासून माहीत आहे. तेव्हा कारण लिहितो. हसू आले तर हस, पण पुरते वाचून.

आमचे मंडळ निघाले तेव्हा वसाहत गजबजलेली होती. सभा रविवारी संध्याकाळी व्हायची आणि निम्मे सभासद कारखान्यात सेकंड शिफ्टला. जनरल शिफ्टवाले मजेत ठराव करत की आरती पहाटे व्हावी, आणि मध्यरात्री पाळीवरून आलेला माणूस झोपेतून दचकून उठे. भांडणे झाली. घटना लिहायला मी होतो, कारण असली कामे माझ्याकडेच येत. मी सातवे कलम घातले. जो सभासद येऊ शकत नाही, त्याचे म्हणणे उपस्थितांपैकी एकाने मांडावे. मांडताना त्याने स्वतःचे मत त्यात मिसळू नये. त्याची एक रीतही पडली. बोलणाऱ्याने उठून त्या माणसाच्या खुर्चीत जाऊन बसायचे आणि 'मी' म्हणूनच बोलायचे. खुर्च्यांच्या पाठीवर नावे आहेत. मला त्या कलमाचा अभिमान होता. मंत्रालयात मी अहवाल लिहिले, त्यातले एकही वाक्य कुठे जिवंत राहिले नाही, हे राहिले.

पुढे लोकांच्या बदल्या झाल्या, काही गेले. एखाद्याचे नाव खुर्चीवरून पुसा असे कोण म्हणणार? कोणीच म्हणाले नाही. आज आम्ही येणारे पाच जण आहोत आणि खुर्च्या खोलीभर. लीला आजारी पडल्यावर तिचे म्हणणे समोरच्या सरोज देवपुजारी मांडू लागल्या. लीला गेल्यावरही त्या मांडतात.

गेल्या रविवारी संक्रांतीच्या तयारीवर चर्चा होती. सरोजबाई लीलाच्या खुर्चीत बसल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या की तीळ मागच्या अंगणात भाजा, ह्यांना धुराचा ठसका लागतो आणि मग हे कोणाला न सांगता गच्चीवर जाऊन बसतात. अक्का, गच्चीचे मी कोणाला सांगितले नव्हते. लीलाला ते ठाऊक आहे हेही मला ठाऊक नव्हते.

महिन्यातून एकदा मला ती ऐकू येते. नागपूरला कोण ऐकवील? कारण एवढेच आहे.

सांभाळून राहावे. मायेत कपात होऊ नये, ही विनंती.

तुझा,
उदय


नागपूर
१८ जानेवारी १९९४

चि. उदय यास,
अ. उ. आ.

हसू आले नाही. मात्र तुझ्या कारणाला मी पुरावा म्हणणार नाही. सरोजबाई समोर राहतात; त्यांच्या खिडकीतून तुमची गच्ची दिसत असणार. शेजारणीला जे दिसते ते नवऱ्याला ठाऊक नसावे, यात अद्भुत काही नाही. जन्मभर तू मंत्र्यांना 'लोकांचे म्हणणे असे आहे' म्हणून सांगत होतास, आणि आता तुझ्या बायकोचे म्हणणे तुला शेजारीण सांगते. दैवाला विनोदबुद्धी आहे, इतकेच यातून सिद्ध होते.

तरीही दोन प्रश्न विचारते. एक: ज्यांच्या वतीने बोलले जाते, पण जे अजून हयात आहेत, असा कोणी तुला प्रत्यक्ष भेटला आहे काय? मृतांकडून पडताळा मिळत नाही, जिवंतांकडून मिळतो. त्याला विचार की सभेत बोलले गेले ते त्याचे मत होते का. दोन: लीला अंथरुणावर होती तेव्हा सभेतली लीला आणि घरातली लीला यांच्यात कधी विरोध आला होता का? आला असेल तर सरोजबाई नाटक करतात आणि विषय मिटला.

उत्तर लिही, उसासे नकोत. कांचनने तिळाच्या वड्या पाठवायला दिल्या आहेत. त्यांवर तरी मंडळात चर्चा नको.

तुझी, वाद जिंकल्यावरही तुझीच,
अक्का


पिपलानी, भोपाळ
७ फेब्रुवारी १९९४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

वड्या उत्तम होत्या. तुझ्या प्रश्नांना उत्तरे मिळाली. ती मला मिळायला नको होती.

जयंत कुळकर्णी आमचा जुना सभासद, बऱ्याच वर्षांपूर्वी दूर बदलून गेलेला. त्याचे म्हणणे गोपीनाथ मांडतो. गोपीनाथ फोरमन होता, मोठ्या आवाजाचा, अर्धे हिंदी बोलणारा, मंडळाची बाजाची पेटी विकून टाका असे स्वतः दर सभेत सांगणारा. जयंतच्या खुर्चीत बसला की तोच माणूस हळू आवाजात म्हणतो की पेटी विकू नका. आम्हाला याची गंमत वाटे.

जयंत दिल्लीला जाताना हबीबगंजवरून जाणार असे कळले, म्हणून मी फलाटावर गेलो. खिडकीशी बसला होता; तब्येत चांगली, इस्त्रीचे कपडे. मी विचारले, कसा आहेस. त्याने बायकोकडे पाहिले. चहा घेणार का विचारले, पुन्हा तिच्याकडे. ती मला बाजूला येऊन म्हणाली की डॉक्टरांना काही सापडत नाही. हे सांगितलेले सगळे करतात, फक्त स्वतःचे असे काही म्हणत नाहीत. भोपाळ सुटल्यापासून पुष्कळ वर्षे हे चालले आहे, बोलणे थोडे थोडे कमी होत. मग मी खिडकीशी जाऊन सांगितले की जयंत, परवाच्या सभेत तू पेटी विकायला विरोध केलास. त्याचा चेहरा उजळला. हो, म्हणाला, ते मी म्हणालो. गोपीनाथ म्हणाला असे नव्हे, मी म्हणालो. गाडी हलली तेव्हा तो पुन्हा बायकोकडे पाहत होता, हात हलवू का म्हणून.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे. विरोध कधी आला नाही, कारण शेवटच्या महिन्यांत घरातली लीला काही म्हणतच नव्हती. भाजी कोणती करू विचारले तर सांगायची की सरोजला सांगितलंय. मी ते दुखणे समजलो.

प्रतिनिधित्व म्हणजे जो तिथे नाही त्याला तिथे आणणे, असे मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले. आणलेला माणूस मूळच्या जागी किती उरतो, हे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही. प्रश्नपत्रिकेत येत नसे.

तुझे गुडघे कसे आहेत ते लिही. लोभ पूर्वीसारखाच ठेव. मला इथे सध्या पूर्वीसारखे फार थोडे दिसते.

तुझा,
उदय


नागपूर
१४ फेब्रुवारी १९९४

चि. उदय यास,
अ. उ. आ.

गुडघे आपापल्या जागी आहेत.

जयंतची हकिकत मी दोनदा वाचली. ती योगायोग असेल, किंवा नसेल. योगायोग असेल तर तुला तिथे थांबण्याचे कारण उरत नाही. नसेल, तर तू निघालास की 'अनुपस्थित' होशील आणि कोणीतरी तुझ्या खुर्चीत बसेल. दोन्ही पक्षी उपाय सारखाच: निघण्यापूर्वी सातवे कलम रद्द कर. घटना तुझी, तेव्हा ठरावही तूच मांड. तो फसला तर राजीनामा दे. इतके सोपे आहे.

सभा झाली की लगेच कळव. माझी काळजी ही तर्काच्या कक्षेबाहेरची बाब समजावी.

तुझी,
अक्का


पिपलानी, भोपाळ
७ मार्च १९९४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

काल सभा झाली. इतके सोपे नव्हते.

ठराव मी मांडला. आम्ही पाचही जणांनी बाजूने हात वर केला. गोपीनाथ तर म्हणाला की साहेब, ही झंझट फार आधीच मिटवायला हवी होती. मग रीतीप्रमाणे अनुपस्थितांचे मत घ्यायला सगळे उठले. तोच गोपीनाथ जयंतच्या खुर्चीत बसला आणि हळू आवाजात म्हणाला, विरोध. पुढच्या खुर्चीत बसला, विरोध. एकेक जण उठे, दुसऱ्या नावाच्या खुर्चीत टेके, आणि त्याचा आवाज बदले. मीही बसलो, अक्का, कारण बसणे माझ्या वाट्याला आले. पाटी वाचली; माझा जुना शेजारी. आपण बाजूने बोलायचे असे मी पक्के ठरवले होते. माझ्या तोंडून विरोधच गेला, आणि तो मला त्या क्षणी अगदी न्याय्य वाटला.

शेवटी लीलाची खुर्ची. सरोजबाई म्हणाल्या की माझा विरोध आहे. इथूनही उठवलेत तर मी बसू कुठे? मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की ठराव लिहिताना चष्मा तरी पुसायचा होता, दोन ठिकाणी खाडाखोड आहे. सभा हसली. मीही हसलो.

मी राजीनामा दिला. राजीनामा सभेने स्वीकारावा लागतो. खुर्च्यांनी तो नामंजूर केला. सभासदत्व कधी संपते, हे घटनेत कुठेच नाही. सल्लागार असताना मी किती नगरपालिकांच्या नियमांत नेमकी हीच उणीव दाखवून त्यांची फाइल परत पाठवली असेल! आपल्या चाळीसएक घरांच्या मंडळात ते कलम घालणे मला असभ्यपणाचे वाटले होते.

नंतर गोपीनाथ ओशाळून माझ्यामागे फाटकापर्यंत आला. म्हणाला, साहेब, मी तो आपके साथ था. मी म्हणालो, मीही माझ्याच बाजूने होतो.

आता असे वाटते की इथे जवळच बरखेड्यात एक खोली भाड्याने घ्यावी आणि सभेला हजर राहावे, म्हणजे माझे म्हणणे मलाच मांडता येईल. आणि लीलाही ऐकू येईल.

तुझ्या आशीर्वादाची आज जरा जास्त गरज आहे.

तुझा,
उदय


नागपूर
१३ मार्च १९९४

चि. उदय यास,
अ. उ. आ.

शेवटच्या परिच्छेदात तू दोन कारणे एकत्र बांधली आहेस. पहिले भीतीचे, दुसरे लोभाचे. ती वेगळी कर. भीतीपोटी राहणार असशील तर मी तिचे निरसन करते. लोभापोटी राहणार असशील, तर सरळ लिही की जिवंत बहिणीपेक्षा तुला शेजारणीच्या तोंडची बायको जवळची वाटते. मी तेही मान्य करीन.

निरसन असे. जयंत गप्प झाला, कारण त्याच्याभोवती सगळे त्याच्या होकाराने खूष होते. लीला गप्प झाली, कारण ती दमली होती आणि बोलणारी शेजारीण मिळाली. तू ज्या घरात येणार आहेस तिथे गप्प बसायला परवानगी नाही. मी तुला रोज सकाळी एक मुद्दा देईन आणि संध्याकाळी त्याचे खंडन मागेन. जो माणूस इथे तोंडाने बोलत आहे, त्याचे म्हणणे दुसरीकडे कोणी कसे मांडील? एकच माणूस एकाच वेळी हजर आणि गैरहजर असू शकत नाही. हा तर्कशास्त्राचा पहिला धडा आहे, आणि तो भोपाळातही लागू आहे.

आता थोरली बहीण म्हणून लिहिते, आणि याला कारण देत नाही. ये.

अक्का


(पोस्टकार्ड)
पिपलानी
२२ मार्च १९९४

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

मुद्दा बिनतोड आहे. तीस तारखेच्या गाडीने निघतो. पुस्तकांची खोकी मागाहून येतील, सरोजबाई पाठवतील. कोणाला काही सुपूर्त केलेले नाही. माझ्या वतीने बोला असे मी कोणालाही म्हटलेले नाही. येणे माझ्या स्वतःच्या मर्जीने आहे आणि हे माझ्याच हाताने लिहिले आहे.

तुझा, उदय


पिपलानी, भोपाळ
११ एप्रिल १९९४

ती. कमलिनीबाई यांस,
सरोज देवपुजारीचा सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण लीलाताईंकडून आपल्याबद्दल इतके ऐकले आहे की परकेपणा वाटत नाही. सरांच्या पुस्तकांची खोकी आज पार्सलने रवाना केली. वरच्या खोक्यात त्यांची शाल आहे.

तीन तारखेची मीटिंग छान झाली, हे सरांना जरूर सांगावे. खरे म्हणजे सरांची खुर्ची रिकामीच ठेवायची असे आम्ही ठरवले होते. पण गोपीनाथराव चहाचा कप घेऊन चालता चालता सहज तिथे टेकले. वाजले असतील पाच. आणि एकदम, काही विषय नसताना, सरांसारखे बोट उभे करून म्हणाले, मुद्दा असा की मेलेल्यांचे नियम जिवंतांवर चालतात ते फक्त जिवंत त्यांच्या खुर्च्यांत बसतात म्हणून. सगळे एकदम उठले तर त्या नुसत्या खुर्च्या आहेत, पण आधी उठायचे कोणी? गोपीनाथरावांना असले बोलणे बिलकुल येत नाही, हे आपल्याला म्हणून सांगते. नंतर स्वतःच घाबरले आणि दोन दिवस दवाखान्यात बीपी तपासायला जात होते.

मग मी लीलाताईंच्या खुर्चीत बसले होते, तर दोघांचे थोडे भांडणही झाले, पहिल्यासारखेच. आम्हाला इतके बरे वाटले! सर म्हणाले की नागपूरच्या खोलीत दुपारनंतर उन्हाची तिरीप थेट उशीवर येते, आणि अक्का चहात गूळ घालते ते आवडत नाही, हे तिला अजून सांगवत नाही. मी विचारले की सर, परत कधी येणार? तर हसले. म्हणाले, येऊ कुठून? मी इथून हललो कधी?

सर तिकडे बरे आहेत ना? माझ्या हातून काही चुकल्यासारखे उगीच वाटते आहे. दोन ओळी लिहाव्यात, म्हणजे जीव थाऱ्यावर येईल. आपलेपणा असावा.

आपली,
सरोज


धरमपेठ, नागपूर
२४ एप्रिल १९९४

श्रीमती सरोजबाई देवपुजारी यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र व खोकी पोचली. आपण चुकला आहात असे मला वाटत नाही, म्हणून ते मनातून काढून टाकावे.

आपण विचारले आहे त्याचे उत्तर देते. उदय इथे आला तेव्हा उत्तम होता. पहिले चार दिवस आम्ही दोघे असे भांडलो की कांचन पोळ्या टाकून दारात येऊन उभी राहिली. तीन तारखेला संध्याकाळच्या चहाच्या वेळी विषय निघाला होता, मृतांनी केलेला नियम जिवंतांना बांधतो काय. मी म्हटले, बांधत नाही. त्याने बोट उभे केले, म्हणाला, नाही अक्का, मुद्दा असा की. त्यापुढे तो बोललेला नाही. बोट थोड्या वेळाने मी खाली घेतले.

प्रकृतीत दोष नाही, असे डॉक्टर म्हणतात. वाढले तर जेवतो. उशीवर ऊन येते हे आपल्या पत्रावरून समजले. पलंग हलवला आहे. चहात आता साखर घालते.

त्याला आपल्याकडे आणावे, खुर्चीत प्रत्यक्ष बसवावे, म्हणजे कलमाप्रमाणे दुसऱ्या कोणाला बोलता येणार नाही, हा उपाय मला सुचला होता. स्टेशनापर्यंत नेले. डब्याच्या दाराशी विचारले, चढायचे का. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. हाताला धरून चढवले असते तर चढला असता. पण ज्याला नकार देता येत नाही त्याची संमती गृहीत धरू नये, हे त्यानेच सरकारी समित्यांपुढे आयुष्यभर सांगितले आणि त्यापायी दोन बढत्या घालवल्या. मी त्याला परत आणले.

मी त्याला लिहिले होते की एक माणूस एकाच वेळी हजर आणि गैरहजर असू शकत नाही. ते विधान मी मागे घेत नाही. तो हजर आहे, आपल्याकडे. अनुपस्थित आहे तो इथे.

त्याच्या वाक्याचा उरलेला भाग आपण कळवलात, याबद्दल आभारी आहे. तो चुकीचा आहे. आधी उठायचे कोणी, या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते माझ्याजवळ तयार आहे. मी ते त्याला रोज सकाळी सांगते. तो ऐकत नाही असे नाही. उत्तर देण्याचे ठिकाण आता दुसरे आहे. ज्या सभेत तो बोलतो तिथे माझा मुद्दा पोचला पाहिजे, आणि त्याला तिथून उठवायचे तर मला तिथे जागा पाहिजे. इथून त्याला एकटा सोडून मी येऊ शकत नाही.

म्हणून मी आपल्या मंडळाच्या सभासदत्वासाठी अर्ज करीत आहे. हे पत्र हाच अर्ज समजावा. खुर्ची उदयच्या समोर मांडावी, शेजारी नको. शेजारी बसून वाद नीट होत नाही. माझ्या वतीने आपण बसलात तर बरे. काय बोलायचे याची चिंता करू नये. मी जन्मभर माझे म्हणणे कोणावर सोपवलेले नाही, त्यामुळे ते नीट एका जागी आहे आणि आपल्याला सहज सापडेल.

घराची व्यवस्था केली आहे. कांचन राहायला येणार आहे. दोघांनाही काय हवे ते विचारत बसू नये, वेळेवर वाढावे, असे तिला समजावून सांगितले. ती फार रडली.

गोपीनाथरावांना बीपीची गोळी नियमित घ्यायला सांगावे. लीलाला माझा आशीर्वाद कळवावा.

आपली स्नेहांकित,
कमलिनी चांदूरकर

ता. क. पुढच्या सभेत माझी खुर्ची मांडली की तसे कळवण्याचे कष्ट घेऊ नयेत. मला इथे समजेल.